चौथ्या चाकातलं तोंड

मुलगी बघायला गेल्यावर मुलं शेतीबद्दल बोलतात, नोकरीबद्दल बोलतात, सुपारीसुद्धा खात नाही असं सांगतात. आमच्या भारतदादाने चाकांबद्दल शब्द दिला.

चूक त्याची नव्हती. एकलहऱ्याला, कोळशाच्या पावरहाउसच्या गावी, पोह्यांची बशी पुढे ठेवून भाग्यश्रीने खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "ती पांढरी गाडी तुमची का? चाकं फार काळवंडलीत."

गाडी जुनी होती. आधीच्या मालकाने हौसेने अॅल्युमिनियमची चाकं बसवली होती, मधोमध ताटासारखा सपाट भाग असलेली. आम्ही त्या गाडीतून मखमलाबादहून फुलबाजारात शेवंती न्यायचो. त्यामुळे आत देवळासारखा वास होता आणि खाली चिखल.

"लग्नाच्या दिवशी बघा," दादा म्हणाला. "तोंड दिसेल त्यात."

"चारही चाकांत?"

"चारही."

"मग मुंडावळ्या मी त्यातच बघून सरळ करीन."

सगळे हसले. दादा हसला नाही. त्याने ते लग्नाच्या अटींमध्ये धरलं.

घरी आल्यावर आमच्या आईने, म्हणजे कुसाबाईने, हे काम स्वतःकडे घेतलं. "घागर घासते, हंडा घासते, मग चाक काय वेगळं हाय?" तिने चुलीतली राख कालवून चारही चाकांना थापली, वरून ओली पोती गुंडाळली आणि दिवसभर तशीच ठेवली. पितळ असतं तर सोन्यासारखं निघालं असतं. अॅल्युमिनियम तव्यासारखं निघालं. आईने ते नीट निरखलं, म्हणाली, "अजून एक हात मारावा लागंल," आणि मारला.

तेव्हा रंगनाथमामाला बोलावलं.

मामा सातपूरला नळांना चकाकी देणाऱ्या कारखान्यात होता. कुणाच्याही घरी गेला की आधी मोरीतला नळ बघायचा, मग माणसं. "निम्मं नाशिक सकाळी दात घासताना माझं काम बघतं," असं तो स्वतःच सांगायचा. नातेवाईक त्याला गर्विष्ठ म्हणायचे आणि मामाचं त्याबाबत काही वेगळं मत नव्हतं.

त्याने चाकावर अंगठा फिरवला. "कुसाक्का, काय लावलं ह्याला?"

"राख."

"पितळ हाय का हे?"

"चाक हाय."

"पावरहाउसच्या गावाची सोयरीक झाली म्हणून राखच घ्यायची व्हय?"

मग मामाने रजा टाकली आणि आमच्या अंगणात बैठक मारली. आधी जाडाभरडा पॉलिश पेपर, पाणी घालून, सगळ्या रेघा एकाच दिशेने. मग त्याहून बारीक पेपर, आडवा. आधीच्या रेघा पुसल्या जाईपर्यंत पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. "एक रेघ मागं राहिली ना कुंदन," तो मला म्हणाला, "की ती शेवटी सगळ्यांच्या पुढं येऊन नाचती." त्यानंतर मशिनवर फिरणारा कापडी गोळा आणि पॉलिशचा साबण. त्यातून काजळासारखं काळं निघायचं. ते काढायला शेवटी कोरडा मैदा आणि मऊ फडकं.

मैदा करंज्यांचा होता.

"अरे, लग्नाच्या करंज्यांचं काय?" आई ओरडली.

"करंजीत तोंड दिसतं का?" मामाने विचारलं.

मी कॉलेज बुडवून ते बघत बसायचो. चाक आधी धुरासारखं होतं, मग दुधासारखं झालं, मग पाण्यासारखं. आणि एका क्षणी चाक दिसेनासंच झालं. त्याच्या जागी आमचा शेवगा दिसायला लागला, शेंगांसकट. मी मागे वळून खात्री करून घेतली, शेवगा जागेवर होता.

शेजारच्या कोंबड्याने त्या चाकात दुसरा कोंबडा पाहिला आणि अंधार पडेपर्यंत त्याच्याशी भांडला. दुसऱ्या दिवशी तो कोंबड्यांना घेऊन आला, साक्षीदार म्हणून असावा. सकाळचं ऊन चाकावरून उडून समोरच्या लंकाबाईंच्या देवघरात पडायचं. त्या रोज त्या उजेडाला हात जोडायच्या. आम्ही चाक हलवलं नाही. श्रद्धेचा प्रश्न होता.

लग्नाच्या सकाळी तीन चाकं तयार होती. चौथं कधीतरी दगडाला घासलेलं, त्यावर खोल ओरखडा होता. मामा तो काढत काढत तळाशी पोचला होता, पण शेवटचा हात राहिला होता. गाडीला त्या जागी काळीठिक्कर स्टेपनी लावली होती.

"मामा, तीनवर भागवू," हळदीने पिवळा झालेला दादा म्हणाला. "ती बाजू भिंतीला लावू."

"शब्द किती चाकांचा दिला?"

"चार."

"मग गप बस."

दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "कुंदन, तिला दिलेला हा पहिला शब्द आहे रे. हाच खोटा निघाला तर पुढं ती माझं काय खरं मानणार?"

मी धीर दिला. म्हणालो, "स्कूटर घ्यायला हवी होतीस."

एकलहऱ्याला जाताना मागच्या सीटवर नवरदेव, मामा आणि मामाच्या मांडीवर चाक. नाशिकरोड आला तरी मामा घासत होता. मांडवात शिरला तरी घासत होता.

मुहूर्त आला. भटजी म्हणाले, "मुलाचे मामा, मुलाच्या पाठीशी उभे राहा."

मामा चाकासकट उभा राहिला.

"हे काय?"

"चाक."

"खाली ठेवा."

"धूळ बसंल."

भटजींनी घड्याळ बघितलं. "चाकाला शास्त्रात मनाई नाही. धरा."

अंतरपाट धरला गेला. पलीकडे भाग्यश्री, अलीकडे दादा, दादामागे मामा. मंगलाष्टकांच्या ठेक्यावर मामाचं फडकं फिरत होतं. दर 'सावधान'ला अक्षता चाकावर टणटण पडायच्या आणि मामा सगळ्या वऱ्हाडाकडे खाऊ का गिळू असं बघायचा. शेवटचं कडवं सुरू झालं तशी त्याने खिशातून मैद्याची चिमूट काढली, चाकावर फिरवली, उरलेला मैदा दादाच्या फेट्यावर उडाला, आणि दोन्ही हातांनी चाक दादाच्या डोक्यावर उचललं.

अंतरपाटापलीकडे भाग्यश्रीने मान वर केली. तिच्या मागे उभ्या असलेल्या तिच्या मामालाही चाकात आपण दिसलो असावेत, कारण त्याने लगेच भांग नीट केला. ती मात्र बराच वेळ बघत राहिली. दादाला काहीच दिसत नव्हतं, समोर कापड आणि वर चाक.

"मामा," तो मान न वळवता पुटपुटला, "दिसतंय का तिला?"

उत्तर पलीकडून आलं. "दिसतंय. नाक जरा मोठं दिसतंय."

"ते मूळचंच हाय पोरी," मामा म्हणाला. "काम खोटं नाय बोलत."

भाग्यश्रीचे वडील उठायच्या बेतात होते. तेवढ्यात अंतरपाट हलायला लागला. वारा नव्हता. पलीकडे ती तोंडावर हात धरून हसत होती आणि कापड तिच्या खांद्याला लागून थरथरत होतं. मग ती सावरली, चाकात बघून दोन्ही हातांनी मुंडावळ्या सरळ केल्या आणि भटजींना म्हणाली, "आता काढा."

अंतरपाट निघाला. हार हातात धरून तिने दादाला विचारलं, "हे कितवं?"

"चौथं," दादा म्हणाला.

"मग ठीक आहे." तिने हार घातला.

पाठवणीच्या आत मामाने चाक गाडीला बसवलं आणि त्याच्यात बघून पहिल्यांदा स्वतःचा भांग पाडला.

हार घालतानाचा फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. मामा त्यात आलेला नाही, फक्त चाक आलंय. फ्लॅश त्यावर पडल्याने दादाच्या डोक्यामागे गोल प्रभावळ दिसते. लंकाबाई अल्बम बघायला आल्या की त्या पानावर थांबतात, चष्मा काढतात आणि हात जोडतात.