उद्घाटनाचा गोल

“पहिली किक आमदार साहेबांची. तू फकस्त दुसऱ्या अंगाला झेप घे अन् बॉल आत जाऊ दे,” हरीशने रणजीतच्या खांद्यावर हात टाकला. “फोटो झाला की माईकवर तुझंच नाव घेतो. वसमतच्या नव्या अकॅडमीचा कोच, रणजीत राठोड!”

रणजीतला हसू आलं. बारा वर्षं गोव्या-बंगालच्या क्लबांसाठी गोलमध्ये उभा राहिला, पण मुद्दाम गोल सोड असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हरीशची गोष्ट वेगळी. दोघं एकाच बंजारा तांड्यावर वाढलेले, आणि हरीश आता साहेबांचा खास माणूस. गोव्याच्या क्लबने पोरांना शिकवायचं काम देऊ केलं, तेव्हा हरीशनेच फोनवर दम दिला होता, “आपलं गाव सोडून तिकडं काहून मरतो? मी हाव ना!” रणजीतने मुकाट्याने गोव्याला नकार कळवला होता.

आज तो आईलाही घेऊन आला होता. रूपाबाईने लेकाचा खेळ कधी पाहिलाच नव्हता. मांडवात खुर्चीच्या कडेला ती अंग चोरून बसली होती.

रणजीत हातमोजे चढवून उभा राहिला. शाल-श्रीफळं उरकता उरकेनात. मग हरीश माईकवर आला आणि अकॅडमीचे कोच म्हणून त्याने साहेबांच्या जावयाचं नाव पुकारलं. जावई हात जोडत उठले. हरीशने गोलकडे पाहिलंदेखील नाही. रणजीतला रागाआधी लाज वाटली, आईसमोर.

तेवढ्यात साहेबांनी किक मारली. चेंडू कसाबसा घरंगळत आला. रणजीतने वाकून तो उचलला आणि छातीशी धरला.

हरीश धापा टाकत आला. “सोडायचा व्हता ना! काय करून राहिला?”

“कवा ठरलं हे?”

“झाले चार दिवस. वरूनच आलं, माझा इलाज न्हाई.”

“मंग मला काहून बोलावलं?”

“पेपरात फोटो यायचा हाय,” हरीश खाली बघत म्हणाला. “समोर नावाजलेला गोली लागत व्हता.”

असा गोल आजवर रणजीतवर कुणी मारला नव्हता. त्याने चेंडू खुणेवर नीट ठेवला, मोजे काढले आणि मांडवाकडे चालू लागला. तो आईजवळ पोचला, तेवढ्यात साहेबांनी रिकाम्या गोलमध्ये चेंडू मारला. मांडवभर टाळ्या कडाडल्या.

रूपाबाईची नजर लेकावरच होती. तिचे डोळे भरून आले.

“तू धरला म्हणून वाजवून राहिले ना?”

“व्हय, याडी. चल आता.”

ती निघाली खरी, पण दोन पावलांवर थांबली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने सगळ्या मांडवाला हात जोडले.