सुरतेला झालेली आखाजी

जखाणे खुर्द आणि जखाणे बुद्रुक यांच्या मधून बुराई नदी वाहते. वाहते म्हणजे पावसाळ्यात; एरवी नुसते गोटे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी दोन्ही गावं आपापल्या काठावर जमायची आणि ते गोटे गोफणीत घालून समोरच्या गावाला द्यायची. दिवस मावळायच्या आत ज्या गावाच्या गोट्यानं आधी रक्त काढलं, त्या गावावर पाऊस आधी. पहिलं डोकं कुणाचं फुटलं यावर वाद होई, आणि त्या वादात आणखी चार फुटत.

खुर्दचा चुडामण आणि बुद्रुकचा रुपचंद हे आपापल्या काठाचे नामी गोफणवाले. चुडामणचे पुढचे दोन दात रुपचंदनं पाडले होते. रुपचंदला डाव्या कानानं ऐकू येत नसे, ते काम चुडामणचं. इतकी वर्षं एकमेकांवर नेम धरल्यावर ओळख वाढतेच. चुडामणनं आपली लेक मंजुळा रुपचंदच्या घरी दिली.

यंदा मंजुळा आखाजीला माहेरी आली ती पोटुशी. झोक्यावर बसायच्या आधी तिनं बापाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

"आबा, तुमना हातथीन सासराना रगतना एक थेंब बी पडना, ते मी परत माहेरले येवाव नही."

सासऱ्याकडूनही तिनं तशीच शपथ घेतली होती. मग दोन्ही घरच्या बायकांनी मिळून ठरवलं, की आखाजीला या दोघांना गावातच ठेवायचं नाही. सुरत पाहून या म्हणाल्या. खुर्दवर दोन वर्षं पाऊस नव्हता. चुडामण दोंडाईच्याला गाडी धरायला निघाला तेव्हा गाव त्याच्याकडे, पेरणीच्या दिवशी विकायला काढलेल्या बैलाकडे बघावं तसं बघत होतं.

आखाजीच्या सकाळी दोघे व्याही सुरतेला उतरले. टांगेवाल्यानं आधी घड्याळाचा मनोरा दाखवला. तिथं काही घडलं नाही. मग किल्ला. इथं पूर्वी चौऱ्याऐंशी बंदरांचे झेंडे फडकत, आता मोठी जहाजं मुंबईला जातात, असं टांगेवाला सांगत होता. रुपचंद मात्र नदीकडे बघत होता. खाली तापी होती. तापीला बुराई मिळते हे खानदेशात शेंबडं पोरही जाणतं.

"हाई पानी आपलंच शे, याही," रुपचंद व्याह्याला म्हणाला. "नदी तीच. मंग आखाजी बी आठेच."

चुडामणला यात खोट सापडेना. नदी आपली म्हणजे काठ आपला, आणि काठ आपला म्हणजे इथं निघालेलं रक्तही धरायला हवं. दोघांनी फराळाची गाठोडी सोडली. चुडामणच्या सांजोऱ्यांखाली बुराईतले पाच गोटे निघाले, रुपचंदच्या सात. गोफण एकाच्या कंबरेला होती, दुसऱ्याच्या पागोट्यात. दोघांनी सांजोऱ्या खाल्ल्या.

शपथ रक्ताची होती, माराची नव्हती. तेव्हा किल्ल्याच्या भिंतीपाशी रुपचंदनं चुडामणची करंगळी उलटी वाकवली, ती कट्‌ झाली तशी सोडली. चुडामणनं त्याच्या बरगडीत गुडघा घातला. आत वाळली तुराटी मोडल्यासारखं वाजलं. मग त्यानं व्याह्याचा गळा धरून त्याला तोफेवर उताणा दाबला आणि डोळे पांढरे होईस्तोवर धरला. पुढचं ठिकाण राहील म्हणून टांगेवाल्यानं हाक मारली, तेव्हा सोडला. कुठं ओरखडा नाही. टांग्यात रुपचंद बरगडी धरून बसला आणि सुरत चांगली आहे म्हणाला.

शेवटी गोऱ्यांचं कबरस्तान. देवळाएवढ्या कबरी, वर घुमट. दोघांनी आत निजलेल्या साहेबाला आधी नमस्कार केला, मग एकमेकांना लाथा घातल्या. रुपचंदनं चुडामणचं कपाळ पायरीवर आपटलं, पण बेतानं, आणि कातडी फाटली का ते अंगठ्यानं चाचपून पाहिलं. टेंगूळ आलं होतं, रक्त नव्हतं.

ऊन घुमटांवर चढलं. दिवस मावळायला आला.

दोघं तीस पावलांवर दोन कबरींआड उभे राहिले. रुपचंदची गोफण फिरू लागली. चुडामणला आधी झोक्यावरची मंजुळा दिसली. मग खुर्दची भुईमुगाची रानं दिसली, दोन वर्षं नांगरून तशीच पडलेली. मोडकी करंगळी बाजूला धरून त्यानंही गोफण फिरवली. तिसऱ्या वेढ्याला दोरी सुटली.

गोटा भुवईवर बसला. भुवईचं हाड उघडं पडलं आणि रक्त डोळ्यातून मिशीत आलं. रुपचंद खाली बसला. चुडामण धावत गेला, तर व्याह्याची गोफण शेजारी पडलेली, आणि सातही गोटे गाठोड्यात तसेच. तो रिकामी गोफण फिरवत होता.

रुपचंद हसला. दातांवर रक्त होतं.

"जितना तू, पाऊस तुना," तो म्हणाला. "पोर गई तुनी, याही."

दोंडाईच्याच्या फलाटावर मंजुळा उभी होती. सासऱ्याच्या डोक्याची पट्टी तिनं पाहिली, बापाला हे रक्त कुणाच्या हातचं एवढंच विचारलं, आणि त्याच पावली बुद्रुकला गेली. गावानं चुडामणला खांद्यावर घेतलं. पाऊस त्या वर्षी दोन्ही गावांवर एकाच दुपारी पडला, पण खुर्दवर घटकाभर आधी, असं खुर्दवाले सांगतात.

मंजुळाला मुलगा झाला. पुढच्या आखाजीला चुडामणच्या घरातला झोका रिकामा होता. नातवाला बघायचं तर नदी ओलांडणं आलं. चुडामण ओलांडून गेला. पोराला मांडीवर घेऊन बसला, आणि दुपारी डफ वाजला तशी रुपचंदनं व्याह्याला आपली गोफण दिली. आता बुद्रुकच्या काठावर उभा असलेला माणूस बुद्रुकचाच, अशी रीत होती.

चुडामणनं ती गोफण घेतली आणि रिकामीच फिरवली.

खुर्दचा पहिला गोटा त्याच्याच टाळूवर बसला. मंजुळा पदर घेऊन धावली आणि हलू नका म्हणाली. खुर्दच्या गोट्यानं खुर्दच्याच माणसाचं रक्त काढलं, तर पाऊस कुणाचा, यावर दोन्ही गावांचे पंच वडाखाली बसले. त्यात तिघांची डोकी फुटली. चुडामणला त्यातलं काही कळलं नाही. टाळू बांधता बांधता लेक त्याच्याशी वर्षभरानं बोलत होती.