हॅलोफेनचा हुकूम

बिशपांच्या मुक्कामाच्या फाटकाशी थर्स्टन घोड्यावरून उतरला, दगडावर बसला आणि बूट काढून झटकू लागला. आत खडा नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने दुसराही बूट काढला.

त्याच्या छातीशी राजाचा मनाई हुकूम होता. हॅलोफेनच्या चर्चवर पाद्री नेमण्याचा हक्क जहागीरदारीण हावीजबाईंचा की मठाचा, याचा निकाल लागेपर्यंत बिशपांनी कोणालाही नेमू नये. शेरीफचा शिपाई म्हणून तो पोचवणं थर्स्टनचं काम. बिशप एका जागी टिकत नसल्यामुळे चार दिवस तो चिखल तुडवत त्यांच्या मागे फिरत होता. अंगात त्राण उरलं नव्हतं.

आणि हॅलोफेन त्याचंच गाव. पाच महिने तिथे पाद्री नव्हता. भांडणाऱ्यांचं काय जात होतं? त्याची आई मात्र अंथरुणाला खिळली होती. दलदलीला पाणी भरल्याने शेजारच्या गावचा पाद्रीही येईना. पाद्र्याला पापं न सांगताच आपण जाणार, या धास्तीने तिचा डोळा लागत नव्हता.

"आत जा की," दरवान म्हणाला. "मठाचा माणूस गुडघे टेकून बसलाय बिशपांपुढे. आता नेमणूक होईल बघ."

"पाय दुखतात."

"काम राजाचं आणि लाड पायांचे."

"चार दिवस या घोड्यावर बस, मग बोल."

आत नेमणूक झाल्याची घंटा वाजली. दरवान टोपी काढून उभा राहिला. मग थर्स्टनने बूट चढवले.

बिशपांचा कारकून हॅमो याने हुकुमावरची मोहोर पाहून सुस्कारा सोडला. "अर्धा तास आधी आला असतास तर."

"रस्ता वाईट होता."

हॅमोने हुकुमाच्या पाठीवर 'उशिरा मिळाला' असं लिहिलं. थर्स्टनला फार दिवसांनी हायसं वाटलं. नवा पाद्री जोसलिन बाहेर येताच तो पुढे झाला.

"फादर, मी हॅलोफेनचा. आई शेवटच्या घटका मोजतेय. आज निघालो तर परवा पोचू. घोडा तुम्ही घ्या, मी चालेन."

जोसलिन विशीतला, बोटांना शाई लागलेला. त्याचा चेहरा उतरला.

"मला फादर म्हणू नका, काका. माझी दीक्षा पुरी व्हायचीय. चर्च माझ्या नावावर झालं, पण पापं ऐकायचा अधिकार मला नाही. बिशपांनी शिकायला रजा दिलीय. तीन वर्षं तरी लागतील."

"मग गावात कोण?"

"कोणीतरी पाठवीन. बघतो."

थर्स्टन परत हॅमोपाशी गेला. टेबलाला धरून उभा राहिला.

"साहेब, मी वेळेत आलो होतो. मुद्दाम फाटकाशी बसून राहिलो. तसं लिहा. माझं काय व्हायचं ते होवो."

हॅमोने समोरची वही मिटली.

"हे ऐकायचं काम माझं नाही, बाबा," तो म्हणाला आणि जेवायला गेला.