माझं इंजिन शेटजींच्या गाडीत

मित्रांनो, मी एक जुनी मॉरिस मायनर गाडी आहे. म्हणजे, होते. आता लातुरात मडिवाळप्पा मिस्त्रीच्या गॅरेजमागं, बाभळीखाली माझा नुसता सांगाडा पडलाय आणि त्यात कोंबड्या अंडी घालतात. तरी माझी हकीकत ऐका, कारण दुसरं कुणी ती सांगणार नाही.

माझा जन्म विलायतेतला. हैदराबादच्या एका साहेबाकडून डॉक्टर गुरुलिंग यांनी मला घेतलं. ते एका पायानं अधू, सायकल त्यांना चालवता येत नसे. खेड्यापाड्यांतल्या रोग्यांकडं जायचं तर माझ्याशिवाय इलाज नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं खडी फोडायच्या कामांवर जायचो. भोवळ येऊन पडलेल्या बायका माझ्या मागच्या सीटवर निजायच्या. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तिथं रेडिएटरसाठी मागायची मलाच चोरी वाटायची. डॉक्टर आपल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी माझ्यात ओतायचे आणि म्हणायचे, "पी बाई. तू थांबलीस तर मी घरीच बसलो." इतक्या मायेनं माझ्याशी पुन्हा कुणी बोललं नाही.

पुढं दहाएक वर्षांत विहिरींच्या खाऱ्या पाण्यानं रेडिएटर आतून कुजला. डॉक्टरांनी मला मडिवाळप्पाकडं सोडलं. तेवढी एक दुरुस्ती झाली की मी ठणठणीत होणार होते. लवकर करा, गावोगाव लोक वाट बघून राहिलेत, असं सांगून ते काठी टेकत गेले.

नेमकं त्याच सुमारास लातूर जिल्हा व्हायचं ठरलं आणि गावाच्या अंगात आलं. कमानी काय, पताका काय! मल्लिकार्जुन शेटजींनी कुठूनशी माझ्याच जातीची गाडी आणली. बाहेरून नवरी, आतून नुसता खोकला. तिला नवीकोरी करून तिच्यातून मिरवणूक काढायची म्हणाले. सामान कुठंच मिळेना. मग सगळ्यांची नजर माझ्यावर गेली.

शेटजी चार मोठी माणसं घेऊन डॉक्टरांच्या घरी गेले. जिल्ह्याचं काम आहे, मिरवणूक झाली की परत बसवून देतो, म्हणाले. दारात आलेल्या चौघांना न्हाई कसं म्हणायचं? आमच्याकडं ही भीड लई वाईट. डॉक्टर हाव म्हणून बसले. मला त्यांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मडिवाळप्पानं गिअरबॉक्स काढला, मग इंजिन. दिवे आणि दारं तर कुणाला न विचारताच गेली. उभीच हाय की, असं तो म्हणायचा. अरे मेल्या, मला उभी कुणी केली?

मिरवणूक गॅरेजसमोर थांबली. मडिवाळप्पाचा सत्कार झाला आणि शेटजींनी गर्दीतून डॉक्टरांना बोलावून त्या गाडीला हार घालायला लावला. डॉक्टरांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवला आणि जरा वेळ आवाज ऐकला.

"लई चांगली चालून राहिली," ते म्हणाले.

शेटजी खूष झाले, बसा, सोडतो म्हणाले.

"मला वस्तीवर पेशंट बघायला जायचंय. तिकडं मिरवणूक जात न्हाई."

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली.

पुढं डॉक्टरांनी इंजिन मागितलं, तर शेटजी म्हणाले, आता काढलं तर चांगली गाडी बिघडंल की. ती गाडी आजही त्यांच्या ओसरीत कापडाखाली बसून असते. डॉक्टरांचं खेड्यांत जाणं सुटलं. एके दिवशी सटवाजी नावाचा शेतकरी अडलेल्या सुनेला बैलगाडीत घालून लातुरात आला. तोवर फार उशीर झाला होता. परत जाताना तो गॅरेजवर थांबला आणि त्यानं मिस्त्रीला विचारलं, "डॉक्टरसाहेबाची गाडी अजून नीट झाली न्हाई व्हय?"

मडिवाळप्पानं त्याच्यासाठी चहा मागवला. त्यानं तो घेतला नाही.

मित्रांनो, जुन्या गाड्या जपा, त्यांना उन्हापावसात टाकू नका. नवीकोरी केलेली जुनी गाडी दिसली तर कौतुकही करा. पण तिच्या मालकाला एवढं विचारा, की हिचं सामान कुठल्या गाडीचं काढलं, आणि त्या गाडीची वाट कोण बघत होतं?