घाई आणि भिंत

लाँड्रीत मोठ्या चादरीची घडी घालायला दोघी लागतात, आणि त्या दुपारी समोरची जोडीदारीण तिच्यावर पार वैतागली होती.

"अगं, माझ्या हातात कोपरा येऊ तरी दे! तू आपली घडी मारून मोकळी. मी काय हवा धरू?"

"चुकलं बाई," ती म्हणाली आणि चादर पुन्हा झटकली. चादर हातात होती, पण मन तिथे नव्हतं. बुधवारपासून ते कुठेच टिकत नव्हतं. इस्त्रीच्या वाफेत, हॉस्पिटलच्या गाठोड्यांत, जिन्याच्या पायऱ्यांवर तिचे पाय आपोआप वळायचे आणि एका जागी येऊन अडखळायचे.

क्लासमध्ये तिला 'घाई' म्हणत. हे नाव सरांनी ठेवलेलं. गादीच्या दुकानावर एक लांबट हॉल होता, खाली दिवसभर कापूस पिंजला जायचा आणि वर सर आणि त्यांची मोठी बहीण कराटे शिकवायचे. सगळे बहिणीला नुसतं 'बाई' म्हणत. बाईंनी पडायला शिकवलं आणि सरांनी उठायला, असं जुने विद्यार्थी गमतीने सांगत. सरांना माणसाचं खरं नाव कधी आठवत नसे. सूंसूं श्वास सोडणारी नर्स 'शिट्टी' झाली, वायरिंग करणारा 'शॉक', आणि कितीही ढकला, जागची न हलणारी ती 'भिंत'. घाई आणि भिंत यांची जोडी सरांनीच लावली होती. "एकीला ब्रेक नाही, दुसरीला गिअर नाही. दोघी मिळून एक गाडी होईल," म्हणायचे.

येत्या रविवारी सरांना जाऊन वर्ष पुरं होणार होतं. त्यांचा काळा बेल्ट खुंटीवर तसाच लटकत होता, कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या. भावाबहिणीने आपल्या गुरूंकडून आणलेली एक रीत होती. शिकवणारा गेला की वर्षाने सगळे जमतात. त्याचा आवडता काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, त्याच्या शिष्याने मध्ये न तुटता पुरी करायची. पुरी झाली तर बेल्ट त्या शिष्याच्या कमरेला आणि क्लास पुढे चालू. तुटली तर बेल्ट पेटीत, हॉलला कुलूप, ज्याने त्याने आपली वाट धरायची. यंदा काता घाईने करायचा होता.

हॉलला कुलूप लागलेलं घाईला स्वप्नातही बघवत नव्हतं. संध्याकाळी त्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की दिवसभराच्या वाफेतून ती माणसात यायची.

म्हणून सर गेल्यापासून तिने एक नेम धरला होता. सकाळी उठून कोणाशी बोलायच्या आधी सरांचा आवडता जोडीचा काता एकटीनेच एकदा करायचा. ताप असो, पाहुणे असोत, नेम मोडला नव्हता. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून म्हणायच्या, "झाली का तुझी हाणामारी? आता चहा ठेव." त्यावर ती हसायची, पण काता संपेपर्यंत तोंड उघडायची नाही.

आणि बुधवारी बाईंनी तो ऐकला. ऐकलाच म्हणायचं, कारण बाईंच्या डोळ्यांना आता माणसं नुसत्या सावल्यांसारखी दिसत. त्या खुर्चीत मान खाली घालून बसल्या होत्या. शेवटचा फटका संपला तशी त्या म्हणाल्या, "काहीतरी गाळतेस तू."

"मी? रोज करते हो मी, बाई!"

"रोज करतेस ते कळतंय. पण वळल्यानंतर पाय लवकर येतो. मधे काहीतरी होतं. भाऊ पलीकडे शिकवायचा, मला पायांचेच आवाज यायचे. काय होतं ते मला विचारू नकोस, तो काता त्याने मला कधी दाखवला नाही. आणि अर्धा काता मी रविवारी चालवून घेणार नाही. तुझ्यावर माझी माया आहे म्हणून तर मुळीच नाही."

मग शोध सुरू झाला. शिट्टी म्हणाली, "तिथे लाथ होती. मला पक्कं आठवतंय." शॉक म्हणाला, "कसली लाथ! खालून हात यायचा, असा." दोघांची त्यावरून इतकी जुंपली की शिट्टीने त्याला ती लाथ मारून दाखवली. घाईने लाथ घालून पाहिली, हात घालून पाहिला. दोन्ही उसन्या कपड्यांसारखी अंगाला टोचत होती. एवढा नेम केला, देवाला साक्ष ठेवून केला, आणि त्या नेमातच चूक मुरत गेली होती, हे तिला झोपू देईना.

हे सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि त्याच्याशी तिचं बोलणं नव्हतं.

सरांनी संध्याकाळची बॅच घाईला दिली तेव्हा भिंत वयाने आणि बेल्टने, दोन्हींनी तिच्याहून मोठी होती. "द्या द्या, घाईलाच द्या," एवढंच बोलून ती जिना उतरली. घाई तिच्या मागे गेली नाही. आज नाही तर उद्या येईल, असं म्हणत राहिली, आणि मग फारच उशीर झाला. सर गेले तेव्हा भिंत आली होती. शेवटच्या रांगेत उभी राहिली आणि न भेटता गेली.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत घाई तिच्या दुकानात पोचली. भिंत किल्ल्या बनवायची. मशीन किंचाळत होतं, पितळेचा भुगा उडत होता.

"किल्ली हवीय?" भिंतीने वर न बघता विचारलं.

"नाही."

"मग बाजूला सरक. गिऱ्हाईक दिसू दे मला."

घाई बाजूला झाली. खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्यांना हात लावू लागली, एक खाली पडली, तिने उचलली, दुसरी पडली.

"अगं आई गं! जरा स्वस्थ बस ना," भिंत म्हणाली आणि तिला हसू आवरेना. मग ते हसू तिने गिळलं. "बोल."

"सरांचा जोडीचा काता. वळल्यावर, शेवटच्या फटक्याआधी काय आहे?"

भिंतीने हातातल्या किल्लीवर फुंकर मारली. "तुझं काही नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुझं तिथे काहीच नाही. तिथे माझं आहे. मी मागचा पाय ओढून घेते, मूठ कमरेला आणते, मग तुझ्यावर येते. तोवर तू उभी असतेस."

"नुसती?"

"नुसती. मी गेल्यावर एकटीच करतेस ना? हवेशी खेळलं की असंच होतं. हवेची वाट कोण बघतं?"

घाईला पटेना. सर तिच्यावर सतत ओरडायचे, त्यातलं नेमकं कोणतं ओरडणं या जागेसाठी होतं? आणि पटावं तरी कसं? भर हॉलमध्ये ती नुसती उभी राहिली तर सगळे म्हणणार, अडकली. बेल्ट पेटीत. भिंतीला हेच हवं असलं तर?

"उद्या येशील?" तिने विचारलं.

"रविवारीच तर धंदा असतो," भिंत म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

रविवारी सकाळी घाईने नेमाचा काता केला. त्या जागी थांबायचं ठरवलं होतं, पण पाय पुढे गेलाच. सासूबाई म्हणाल्या, "आज चहा मीच ठेवते. तू आवर तुझं."

हॉल भरला होता. बाई खुंटीखाली बसल्या होत्या, मांडीवर पेटी. घाई मध्यभागी येऊन वाकली आणि तेवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. भिंत दुकानाच्याच कपड्यांत आली होती. खिशातल्या किल्ल्या काढून तिने खिडकीत ठेवल्या, चपला सोडल्या आणि समोर उभी राहिली.

"सुरू कर," ती म्हणाली. "आणि पळू नकोस."

पहिल्या फटक्यालाच घाईला कळलं, हात विसरले नव्हते. भिंतीचा दणका झेलताना कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या आणि बरं वाटलं. मग वळण आलं.

ती वळली आणि उभी राहिली.

भिंत येईना. तिचा गुडघा पूर्वीचा राहिला नव्हता, पाय फरशीवरून हळूहळू ओढला जात होता. शिट्टी कुजबुजली, "अडकली गं." बाईंचा हात वर खुंटीकडे गेला, दुसऱ्या हाताने पेटीची कडी उघडली. घाईला डोळ्याच्या कोपऱ्यातून ते दिसलं. टाचा शिवशिवत होत्या. लाथ घालावी, हात घालावा, काहीही करावं, नुसतं उभं राहणं तेवढं नको. तिने देवाचं नाव घेतलं आणि तशीच उभी राहिली. आणि समोर भिंतीची मूठ कमरेला येताना, खांदा उतरताना, नजर तिच्यावर स्थिरावताना तिने पाहिलं. एवढी वर्षं ही जोडीदारीण होती, आणि हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. बघायला ती तिथे नसायचीच.

मग भिंत आली, आणि शेवटचा फटका जिथे पडायचा तिथे पडला.

खाली कापूस पिंजायचं मशीन चालू होतं.

"मला वाटलं, तुटला," बाई म्हणाल्या. त्यांनी पेटी मिटून खुर्चीखाली सरकवली. "मग आठवलं. भाऊ इथेच ओरडायचा. 'उभी राहा गं बये, उभी राहा!' रोज. मी आपली म्हणायची, कोणावर एवढा कावलाय हा." त्यांनी बेल्ट चाचपून खुंटीवरून काढला. "ये इकडे. कंबर कुठंय तुझी? मला दिसत नाही."

गाठ बांधून झाली, शॉकने जोराने नाक ओढलं, शिट्टी त्याला म्हणाली, लाथच होती ती. घाई गर्दीतून वाट काढत खिडकीपाशी गेली.

"उद्यापासून येशील? बॅच मोठी आहे. मला एकटीला..." ती पुढे बोलणार होती, पण थांबली.

भिंत आपल्या किल्ल्या गोळा करत होती. एक उचलून तिने उजेडात धरली, दात बघितले, खिशात टाकली. मग दुसरी उचलली. घाई तिच्यासमोर उभी राहिली, हात बाजूला, आणि उत्तराची वाट बघत राहिली.