अडलेलं गणित

सरकारी शाळेतल्या जुळ्या लेकींना शिंप्यानं बड्या खासगी शाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी कापड बेतायच्या टेबलावरच तयार केलं. रोज एकच घोकणं, "अडलेलं गणित सोडायचं, पुढं जायचं. वेळ उरला तर परत यायचं." बाजारात तुरी, तरी पठ्ठ्यानं दोघींचे गणवेश निकालाआधीच शिवले.

निवड झाली एकट्या थोरलीची. जळली मेली ती शाळा!

पहिल्या दिवशी थोरली अडून बसली, "हिच्याशिवाय मी जायची नाही."

धाकटीनंच बहिणीला गणवेश चढवला, बटणं लावली.

"जा गं वेडाबाई. अडलेलं सोडून पुढं जायचं असतं." मग कॉलर सारखी करत ती हळूच म्हणाली, "वेळ उरला तर परत ये."