वहिनीचं सलून आणि चिऊचा हुकूम

साथीच्या त्या वर्षी गावातली दुकानं ज्या हुकमाने बंद झाली त्याच्याखाली चिऊची सही होती, आणि त्या हुकमाविरुद्ध चौकात सगळ्यात मोठ्या आवाजात बोलली ती चिऊची सख्खी वहिनी.

चिऊ हे अर्थात घरातलं नाव. बाहेर ती गावाची आरोग्य अधिकारी होती, नाकावर माशी बसू न देणारी डॉक्टरीणबाई. तिच्या खोलीत शिरण्याआधी कारकून घसा खाकरून घ्यायचे. लग्न तिने केलं नव्हतं. ती दादाच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची आणि खाली दादा, वहिनी आणि आई. चूल एकच. तिथे मात्र ती शेंडेफळ होती आणि ‘चिऊ, ताटात टाकू नकोस’ हे वाक्य तिला अजून ऐकावं लागायचं.

वहिनीचं बाजाररस्त्यावर बायकांचं सलून होतं. तिचा हात हलका आणि तोंड त्याहून हलकं. केस धुवायला आलेली बाई निम्म्या गावाची खबर घेऊन जायची आणि उरलेल्या निम्म्याची देऊन जायची. हळूहळू सगळं गावच तिला वहिनी म्हणायला लागलं, वयाने तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

सुरुवातीला कुणी कुरकुर केली नाही. सलूनच्या दारावरची नोटीस वहिनीने स्वतःच्या हाताने चिकटवली, वर ती वाकडी लागली म्हणून काढून पुन्हा सरळ लावली. पण आठवड्यांचे महिने झाले. तिच्याकडे कामाला असलेल्या दोघी मुलींपैकी एक आपल्या आईबापांकडे निघून गेली, दुसरी भाज्यांच्या गोदामात खोकी भरायला लागली. खिळेमोळ्यांचं दुकान उघडं, पाळीव प्राण्यांच्या खाऊचं दुकान उघडं, सलून बंद. वहिनी रोज सकाळी जायची, आरसे पुसायची, आणि तिन्ही आरशांत स्वतःलाच बघून परत यायची.

‘कुत्र्याचे केस कापायला परवानगी आहे,’ ती एकदा जेवताना म्हणाली. ‘माणसाने काय घोडं मारलंय?’

‘कुत्रा खोकत नाही, वहिनी,’ चिऊ म्हणाली.

तिथून ठिणगी पडली ती विझेना, म्हणून शेवटी आईंनीच फर्मान काढलं की जेवणाच्या टेबलावर साथीचं नाव काढायचं नाही. बिचाऱ्या दादाला हायसं वाटलं. तो बस चालवायचा आणि बस बंद असल्यामुळे घरीच होता. एका बाजूला बहीण आणि एका बाजूला बायको, असा तो पुरता कात्रीत सापडला होता. त्यातून सुटका म्हणून त्याने स्वयंपाक हातात घेतला. बटाटे तो इतक्या प्रकारांनी करायला शिकला की बाकीच्यांना बटाट्याची धास्ती बसली.

मग जोडेवाले शेठ वहिनीकडे आले. ते दुकानदारांच्या संघाचे अध्यक्ष होते. ‘मोर्चा काढतोय,’ म्हणाले. ‘आमचे आवाज बसलेत. तुमचा नाही.’ वहिनीने एका शब्दात होकार दिला.

मोर्चाच्या दिवशी चिऊ नेहमीसारखी घाईत निघाली आणि डबा ओट्यावर विसरली. वहिनीच्या ते लक्षात आलं तेव्हा तिच्या एका हातात कर्णा होता. तिने दुसऱ्या हातात डबा घेतला. चौकापर्यंत ‘बंदी उठवा’ म्हणत ती सगळ्यांत पुढे चालली. आरोग्य कार्यालयासमोर एका बाकावर उभं राहून तिने हुकमाची अशी काही सालटी काढली की वरच्या मजल्यावरच्या खिडकीचा पडदा हलला. बोलणं संपल्यावर ती खाली उतरली, फाटकाशी गेली आणि रखवालदाराच्या हातात डबा देऊन म्हणाली, ‘बाईंना सांग, गरम आहे तोवर खा. मग बैठका सुरू झाल्या की ती जेवत नाही.’

कुणीतरी नेमका तेव्हाच फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरला.

दुसऱ्या दिवशी शेठ दारात उभे. आत यायला सांगितलं तरी आले नाहीत. संघातली काही माणसं बिथरली होती. वहिनी आपल्यात बसून तिकडे बातम्या पुरवते, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘माझा विश्वास आहे हो तुमच्यावर,’ शेठ म्हणाले, ‘पण थोडे दिवस बैठकीला येऊ नका.’ तिकडे कार्यालयात उलटीच कुजबुज. डॉक्टरीणबाई घरच्यांना आतून सलून चालवू देतात म्हणे. चिऊच्या वरिष्ठांनी तिला बोलावून सलूनची झडती घ्यायला माणूस पाठवला. त्याला तिथे तीन स्वच्छ आरसे सापडले.

त्या संध्याकाळी दोघी जिन्यात समोरासमोर आल्या. वहिनी वाळलेले कपडे घेऊन वर चालली होती, चिऊ हात धुवायला खाली येत होती. टेबलावर बोलायचं नाही असा नियम होता. जिन्याचं कुणी काही ठरवलं नव्हतं.

‘माझ्या सलूनवर धाड घातलीस,’ वहिनी म्हणाली.

‘मी नाही घातली. घालू दिली. अडवलं असतं तर काय म्हणाले असते?’

‘आणि मला संघातून काढलं. तुझ्या डब्यापायी.’

‘मी मागितला होता का डबा?’

हे वहिनीला फार लागलं. कपड्यांचा गठ्ठा पायरीवर ठेवून ती तिथेच बसली आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. पण आता तो सलूनपाशी थांबला नाही. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात पोस्टमास्तरीणबाई होत्या. आयुष्यभर टपाल कचेरी चालवलेली, एकटी, करारी बाई. दर आठवड्याला वहिनी तिथे जाऊन त्यांचे केस धुऊन कुरळे करून द्यायची. आश्रमाचं दार बंद झाल्यापासून वहिनी त्यांना फोन करत असे. आधी बाई फोनवर सगळ्यांना नावं ठेवायच्या, तोवर ठीक होतं. मग नावं ठेवणं थांबलं. परवा म्हणाल्या, केस विंचरतच नाही आता, कोण बघायला येणार आहे? तिथली परिचारिका म्हणाली, जेवणही अर्धं टाकतात.

‘साथ त्यांना गाठेल की नाही मला माहीत नाही,’ वहिनी म्हणाली. ‘पण त्या जातील अशाच. आणि तुझ्या आकड्यांत त्या कुठेच येणार नाहीत.’

चिऊ कठड्याला टेकून ऐकत होती. मग एक पायरी सोडून वहिनीच्या वर बसली.

‘पलीकडच्या गावात सलून उघडलं होतं,’ ती म्हणाली. ‘चोरून. तिथून तीन घरांत आजार गेला. त्यातल्या एका घरात फोन मी केला. पलीकडून लहान मुलीने उचलला आणि म्हणाली, आई झोपलीय, उठवू का? तिची आई आमच्याकडे रुग्णालयात होती गं, रात्रीच आणलेली, तिला वाटत होतं खोलीत झोपलीय. मी काय सांगायचं होतं तिला?’

वहिनीने तिचा हात धरला. भांडण मिटलं असं नाही. खालून दादाने बटाटे झाल्याची हाक दिली.

उठताना चिऊ म्हणाली, ‘परवा शाळेच्या मैदानावर खुली सभा आहे. पोस्टमास्तरीणबाईंचं तिथे बोल. मला सगळे गल्ल्याचं सांगतात. हे कुणी सांगितलंच नाही.’

‘घरात सांगितलं ना आत्ता.’

‘घरात सांगितलेलं मी मनावर घेतलं तर उद्या पुन्हा म्हणतील, वहिनीसाठी केलं. सगळ्यांसमोर सांग.’

सभेला खुर्च्या इतक्या लांब लांब मांडल्या होत्या की शेजारच्याशी कुजबुजायलाही ओरडावं लागत होतं. शेठ बोलले, शिक्षक बोलले. घरी बसून मुलं अक्षरं विसरली, असं एक आई म्हणाली. एकाने बंदीला वेडेपणा म्हटलं तेव्हा मागून एक शिंपी उठला. त्याची बायको पहिल्याच लाटेत गेली होती. ती वहिनीची जुनी गिऱ्हाईक. तो हळू आवाजात म्हणाला, ‘माझं म्हणणं आहे अजून कडक बंद ठेवा. आधी ठेवलं असतं तर ती असती.’ एवढं बोलून तो बसला.

त्याच्यानंतर वहिनीची पाळी आली. तिने मनात जे भाषण जुळवलं होतं त्यातलं निम्मं शिंप्याकडे बघून गळून पडलं. उरलं ते ती बोलली. सलून इतके महिने बंद ठेवणं चूक आहे असं तिला वाटतं. एक खुर्ची, उघड्या खिडक्या, एका वेळी एक बाई, एवढं तरी करू द्या.

‘आणि तोंडाला फडकं बांधून गप्प राहाल?’ नगराध्यक्षांनी विचारलं.

वहिनी खोटं बोलू शकली असती. ‘गप्प राहून केस कापणं मला जमत नाही,’ ती म्हणाली, ‘हे गावाला ठाऊक आहे. आणि माझं तोंड गिऱ्हाइकाच्या कानाशीच असतं, हेही खरं.’

त्या दिवसांत पहिल्यांदा मैदान हसलं. शिंपीसुद्धा हसला. शेठनी कपाळाला हात लावला.

मग तिने पोस्टमास्तरीणबाईंचं सांगितलं, नाव न घेता, पण सगळ्यांनी ओळखलं. टपाल कचेरीच्या खिडकीत प्रत्येकाने कधी ना कधी त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. ‘बरी राहावी म्हणून आत ठेवलेली माणसं आत वाळून चाललीत,’ वहिनी म्हणाली. ‘त्यांच्यासाठी काहीतरी करा. सलूनचं आपण नंतर भांडू.’

चिऊ उठली. सगळ्यांच्या माना वळल्या. नणंद-भावजयीची जुंपणार म्हणून मागचे लोक पुढे सरकले.

‘दुकानांचा हुकूम मी आज बदलणार नाही,’ चिऊ म्हणाली. ‘रुग्णालयात जागा झाली की बदलेन. आवडो न आवडो.’ मैदानात नाराजीची लाट आली. ती ओसरू देऊन चिऊ पुढे म्हणाली, ‘वृद्धाश्रमाचा हुकूम मी घाईत काढला. तेव्हा तो बरोबर होता. पण त्यानंतर मी तो पुन्हा उघडून पाहिला नाही. ही चूक माझी. आश्रमाला मोठी बाग आहे. प्रत्येकाला भेटायला एक माणूस, बागेत, उद्यापासून.’

टाळ्या फारशा पडल्या नाहीत. निम्मे लोक तिच्यावर चिडलेले होते आणि उरलेल्या निम्म्यांना, बाईने चूक कबूल केली म्हणजे आणखी किती चुका असतील, अशी शंका यायला लागली होती. पण शिंपी बाहेर पडताना वहिनीजवळ थांबला. त्याची सासू त्याच आश्रमात होती. त्याने फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वहिनी तोंडाला फडकं बांधून कात्री, कंगवा आणि पाण्याची बाटली घेऊन बागेत गेली. पोस्टमास्तरीणबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून झाडाखाली आणलं होतं. फार वाळल्या होत्या. केसांची जटा झालेली. त्यांनी वहिनीला नीट न्याहाळलं.

‘जाड झालीस,’ त्या म्हणाल्या.

वहिनीच्या डोळ्यांतून पाणीच आलं. ‘नवरा बटाटे खायला घालतो,’ ती म्हणाली.

गुंता सोडवण्यात सकाळ गेली. पुढच्या आठवड्यात बाईंनी पुन्हा सगळ्यांना नावं ठेवायला सुरुवात केली, आधी आश्रमाच्या सुपाला, मग आरोग्य अधिकाऱ्यांना. वहिनी शेजारच्या बाकावर बसून आनंदाने हो ला हो करत राहिली. बाई त्यानंतर पुष्कळ जगल्या.

सलून उघडायला पुढे आणखी बरेच दिवस लागले. वहिनीच्या मते चिऊने उगाच ताणलं, चिऊच्या मते आणखी आठवडाभर ताणायला हवं होतं. भाज्यांच्या गोदामात गेलेली मुलगी परतली, दुसरी आली नाही. शेठनी संघाच्या बैठकीचं बोलावणं स्वतः आणून दिलं. दादाची बस सुरू झाली, आणि घरात भात पुन्हा शिजू लागला.

काही वर्षांनी वरून एक चौकशी समिती आली. त्या वेळची बंदी योग्य होती का, तिची किंमत कुणी मोजली, हे विचारायला. साक्ष द्यायला दोघींनाही बोलावणं आलं, जिल्ह्याच्या गावी. दादाने एकाच गाडीतून दोघींना नेलं. सकाळी चिऊने सांगितलं की बंदीमुळे माणसं वाचली. दुपारी वहिनीने सांगितलं की बंदीने माणसं खचली आणि त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, ‘मग तुमच्या मते अधिकाऱ्यांनी काम वाईट केलं?’

‘असं मी म्हटलं नाही,’ वहिनी करड्या आवाजात म्हणाली. ‘ती दमून घरी यायची तेव्हा तुम्ही नव्हता तिथे.’

परतताना रस्त्यात चहाला थांबले. बसल्या बसल्या दोघींचं पुन्हा सुरू झालं. शाळा लवकर उघडायला हव्या होत्या की नव्हत्या. शेजारच्या टेबलावरचा ट्रकवाला वहिनीच्या बाजूने बोलला, त्याच्या सोबत्याने चिऊची बाजू घेतली, आणि मग त्या दोघांचीच जुंपली. दादा बिस्किटं बुडवून खात होता. त्याला कुणी काही विचारत नव्हतं आणि त्याचं त्याला फार बरं वाटत होतं.

चहावाल्या बाई कप उचलायला आल्या. ‘तुम्ही एकमेकींच्या कोण?’ त्यांनी विचारलं.

‘नणंद-भावजय,’ चिऊ म्हणाली.

‘हां, मग बरोबर आहे.’

‘मुळीच नाही,’ वहिनी म्हणाली. ‘त्यावरून आम्ही कधी भांडलो नाही.’

चिऊने हसून आणखी दोन कप मागवले, आणि वहिनीने खुर्ची पुढे ओढून शाळांचा मुद्दा जिथे सोडला होता तिथून पुन्हा उचलला.